बटण किंवा झाकण

लॅपटॉप तिसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा तेजश्रीने तो उघडलाच नाही. काउंटरवर ठेवून घेतला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग तो घेऊन आलेल्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा मावशी. आज मला अगदी पहिल्यापासून सांगा."

बाई बसली नाही. डाव्या हातातली पिशवी छातीशी धरून उभीच राहिली. जना तिचं नाव. डोंगराच्या पायथ्याशी उंबरवाडी म्हणून ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली. पावसाळ्यात कडावच्या नाक्यावर शेवळं, भारंगी, करटोली घेऊन बसायची, त्यामुळे तेजश्रीची तिच्याशी तोंडओळख होती. पण रानभाजीवाली जना लॅपटॉप घेऊन दुकानात येईल, असं तिला दोन महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

"पयल्यापासून काय सांगू?" जना म्हणाली. "मी बसले की मरतंय. रिया बसली की जगतंय. येवडंच हाय."

रिया म्हणजे तिची पुतणी, कर्जतला कॉलेजात जाणारी. एका संस्थेने वाडीतल्या बायकांच्या गटाला हा लॅपटॉप दिला होता. जुनाच, पण बरा. वाडीच्या रानात मिळणाऱ्या भाज्यांची यादी करायची, प्रत्येकीची माहिती लिहायची आणि मग त्याचं पुस्तक छापायचं, असं ठरलं होतं. सांगणार जना आणि लिहिणार रिया. पण रियाने लिहिलेलं वाचून दाखवलं की जनाचं समाधान होईना. जना सांगायची एक आणि कागदावर उतरायचं दुसरंच, गुळगुळीत, शाळेतल्या धड्यासारखं. जना चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. एक दिवस ती पुतणीला म्हणाली, "सर बाजूला. माझं मी लिवते." आणि बसली. तेव्हापासून हे दुखणं सुरू झालं.

पहिल्या खेपेला तेजश्रीने बॅटरी बदलली होती. जुनी फुगत आलीच होती. दुसऱ्या खेपेला मात्र तिने खोलात जाऊन पाहिलं. लॅपटॉप स्वतःची रोजनिशी ठेवतो; कधी चालू झाला, कधी बंद झाला, का झाला. ती तिने उघडली. तिथे कुठेही बिघाडाची नोंद नव्हती. वीज गेली, उष्णता वाढली, काही जळलं, काहीच नाही. होती ती एकच ओळ, दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा: यंत्र झोपवलं. कारण, बटण किंवा झाकण.

म्हणजे लॅपटॉप मरत नव्हता, झोपत होता. आणि कुणीतरी त्याला झोपवत होतं. झाकण मिटून कुणी टायपिंग करत नाही, तेव्हा उरलं बटण. ते बटण कीबोर्डच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, खोडायच्या कळीला अगदी खेटून. नव्याने शिकणारं माणूस चुकीचं अक्षर खोडायला जातं आणि बोट घसरून बटणावर पडतं, हे तेजश्रीने पनवेलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सहा वर्षं नोकरी करताना शंभरदा पाहिलं होतं. ती जनाला म्हणाली होती, "मावशी, तुमचं बोट बटणावर जातंय. जरा सांभाळून, हळू हाताने लिहीत चला."

"मी त्या बटनाला शिवत बी नाय," जना म्हणाली होती.

"तुम्हाला कळत नसेल."

हे वाक्य आपण जरा तोऱ्यात बोललो हे तेजश्रीला नंतर जाणवलं होतं. तरी तिने सेटिंग बदलून ते बटण निकामी करून टाकलं. दाबलं तरी झोपायचं नाही. मग लॅपटॉप परत दिला आणि विषय मिटला असं समजली.

आणि आज तो परत समोर होता.

तिने तो चालू केला, रोजनिशी उघडली. काल सकाळी सात वेळा. परवा नऊ वेळा. कारण, बटण किंवा झाकण. बटण तर तिने स्वतः बंद केलेलं.

"मावशी, झाकण कुणी मिटतं का? लहान पोरं वगैरे?"

"आमच्या घरात लहान पोर नाय. आन् मी समोर बसलेली आसताना कोन मिटंल?"

तेजश्रीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "बरं, इथे लिहून दाखवा."

जनाने उभ्या उभ्या, पिशवी न सोडता, उजव्या हाताच्या एका बोटाने टकटक करत लिहिलं. शे. व. ळा. अक्षरं पडद्यावर उमटली. लॅपटॉप ढिम्म जागा. जनाने आणखी चार नावं लिहिली. काही झालं नाही. तिचा चेहरा उतरला.

"बगा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या म्होरं शाण्यासारखं वागतंय."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण तेजश्रीला ते लागलं. काउंटरपलीकडची ही बाई मनाशी काय समजून चालली आहे, ते तिला स्पष्ट दिसलं. यंत्राला आपण नको आहोत.

"माझा नवरा बोलतो, मशीन मान्सं वळखतं," जना म्हणाली. "ज्यानं शाळा पायली नाय त्याला जवळ करत नाय. समदी हसत्यात. मी बी हसते. पन ताई, तसं आसतं का?"

"नसतं," तेजश्री म्हणाली. "लॅपटॉप इथेच राहू द्या. रविवारी मी तुमच्याकडे घेऊन येते."

"वाडीवर?"

"हो. तुम्ही रोज जिथे बसता तिथे बसा, मी बघते."

पुढचे तीन दिवस लॅपटॉप दुकानात होता. सकाळी शटर उघडल्यापासून संध्याकाळी ओढेपर्यंत तेजश्रीने तो चालूच ठेवला. शेजारच्या गिरणीचा पट्टा धडधडायचा, पिठाची धूळ उडायची, मधेच वीज जायची. लॅपटॉपला काही झालं नाही. झाकण मिटलेलं त्याला कळतं कसं, हे तिला ठाऊक होतंच. पडद्याच्या चौकटीत एक बारकं चुंबक असतं, खालच्या भागात त्याच्या समोर एक सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरवर येतं आणि यंत्र झोपतं. तो सेन्सर खराब असेल असं धरून तिने लॅपटॉप खोलला, सेन्सरची पट्टी काढून पुसली, पुन्हा बसवली. पण खराब सेन्सर दुकानात तीन दिवस शहाण्यासारखा का वागेल? आणि रियाच्या हाताखालीही?

शनिवारी जेवताना नवऱ्याने, सुनीलने, विचारलं, "एवढं काय त्यात? दुसरा सेन्सर टाक आणि दे."

"टाकेन. पण का होतंय ते कळायला नको?"

"लोकांना लॅपटॉप चालू झाल्याशी मतलब, तेजू."

"मला नाही ना पण," ती म्हणाली आणि आमटीने माखलेलं बोट कीबोर्डवर ठेवल्यासारखं ताटाच्या कडेवर ठेवून बसून राहिली.

रविवारी सकाळी स्कूटरवर पायाशी लॅपटॉपची बॅग आणि हत्यारांचा डबा ठेवून ती निघाली. भातं कापून झाली होती. खाचरांमधून नुसते खुंट उरले होते आणि बांधाबांधावर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. डांबरी रस्ता संपला, मग खडी संपली, मग स्कूटर एका आंब्याखाली लावून ती चढण चालत गेली. वाटेत तिच्या डोक्यात एकच यादी चालू होती. चुंबक कुठे असेल? मोठा स्पीकर असेल, त्यावर लॅपटॉप ठेवत असतील. मोबाईलचं पाकीट असेल, चुंबकाच्या बटणाचं. फ्रीज असेल.

जनाच्या घरात यातलं काहीच नव्हतं. कुडाचं घर, अर्धं विटांचं केलेलं. जमीन शेणाने ताजी सारवलेली. खिडकीजवळ एक सागाचा पाट, त्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि समोर मांडी घालून बसायचं. तेजश्रीने पाट उलटा करून पाहिला. खिळेसुद्धा नव्हते, खाचा पाडून जोडलेला. तिने भिंतीला हात लावून पाहिला, मीटरचा बोर्ड पाहिला, पत्र्याची पेटी होती ती पाटापासून सहा हात दूर होती. जनाचा नवरा पोशा दाराशी उकिडवा बसून हे सगळं बघत होता. रिया चहा ठेवून आली.

"ताई, भूत शोधताय का?" पोशाने विचारलं.

"तसंच समजा."

"सापडलं तर मला बी दावा. मी नाय बगितलेलं कदी."

आधी रिया बसली. दहा मिनिटं भराभरा लिहिलं. काही नाही. मग तेजश्री म्हणाली, "मावशी, आता तुम्ही."

जनाने हात पदराला पुसले. पाटासमोर बसली. दुकानात उभी राहणारी जना निराळी आणि इथली निराळी, हे तेजश्रीच्या लगेच लक्षात आलं. इथे तिच्या हातात पिशवी नव्हती. तिने डावा हात लॅपटॉपच्या डाव्या काठावर टेकला, वहीचं पान वाऱ्याने उडू नये म्हणून दाबून धरतात ना, तसा. आणि उजव्या हाताने लिहू लागली. भा. रं.

पडदा काळा झाला.

पोशाने तोंडातली तंबाखू गालात सरकवली. जनाने हात उचलून मांडीवर ठेवले, दोषी माणसासारखे.

"परत," तेजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण आनंदाने. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "मावशी, परत बसा. तशाच."

पुन्हा झालं. पाच वेळा जना बसली, पाचही वेळा पडदा मिटला. उजवा हात एकटा चालला तर नाही. डावा टेकला की चार-दोन क्षणांत.

"म्हणजे डावा हात!" तेजश्री म्हणाली. "त्या जागेवर वजन पडतंय. आतली पट्टी दबत असणार." आणि ती स्वतः पाटासमोर बसली, अगदी जनासारखी मांडी घालून. डावा हात नेमका तिथेच टेकला. लिहिलं. काही झालं नाही. जोर दिला. काही नाही. कोपराने दाबलं, मुठीने दाबलं. मग रियाला बसवलं, मग हौसेने पोशा बसला आणि त्याने आपला रुंद पंजा असा टेकवला की पाट करकरला. लॅपटॉप टक्क जागा.

जना पुन्हा बसली. हात ठेवला. पडदा गेला.

तेजश्री पाटापासून जरा मागे सरकली. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या खिडकीशी, उजेडी सकाळी, चार माणसांतून एकाच बाईचा हात ओळखणारं यंत्र समोर होतं.

"मी बोललो व्हतो," पोशा म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

"थांबा," तेजश्री म्हणाली. "मी खोलते."

तिने लॅपटॉप उपडा केला आणि स्क्रू काढायला घेतले. तांदळाच्या दाण्याएवढे दहा स्क्रू. ते ठेवायला रियाने प्लास्टिकची वाटी आणून दिली. खालचं कव्हर सुटलं. तेजश्री मोबाईलच्या उजेडात वाकून पाहू लागली. पट्टी जागच्या जागी होती. कुठे दबल्याची खूण नाही, कुठे ओल नाही. तिने सुस्कारा सोडला आणि मागे टेकताना तिचा गुडघा वाटीला लागला. वाटी कलंडली. नऊ स्क्रू मिळाले, दहावा गेला.

सारवलेल्या जमिनीवर स्क्रू शोधणं सोपं नाही. शेणाचा रंग काळपट, स्क्रूचा काळा, आणि जागोजागी पोपडे. चौघंही गुडघ्यांवर बसून शोधू लागली. रियाने मोबाईल जमिनीला आडवा धरून सावली पडते का पाहिलं. पोशाने केरसुणी आणली, ती तेजश्रीने नको म्हटली. जनाने तळहात जमिनीवरून फिरवायला सुरुवात केली, निवडलेल्या तांदळातला खडा शोधतात तसा.

"नाय मिळत," ती म्हणाली आणि केस मागे करायला हात वर केला.

तेजश्रीने तो हात हवेतच धरला.

जनाच्या डाव्या मनगटावर हिरव्या बांगड्यांच्या मागे एक तांबूस कडं होतं. आणि कड्याच्या उघड्या टोकाशी दहावा स्क्रू उभा होता. अडकलेला नव्हे, चिकटलेला. तेजश्रीने नखाने ढकलला तर आडवा झाला आणि पुन्हा उभा राहिला.

"हे काय आहे, मावशी?"

"ह्ये? तांब्याचं कडं. लावनी झाल्यावर मनगट लय दुखायचं. माझा भाऊ धाकलू, तो चौक गावात गॅरेजात हाय. तिथं हायवेवर एक इकनारा बसतो, त्याच्याकडनं आनलं. दुखतंय ते थांबतं बोलला."

"थांबलं का?"

जनाने विचार केला. "दुकतंच हाय. पन भावानं आनलंय ना."

तेजश्रीने वाटीतला दुसरा स्क्रू तिच्या मनगटाजवळ नेला. बोटभर अंतरावर तो तिच्या चिमटीतून सुटला आणि टिक् करून कड्याला बसला. तांब्याला लोखंड चिकटत नाही. म्हणजे आत चुंबक होतं, वरून तांब्याचा मुलामा. ती खदखदून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काय झालं ते सांगायला तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

"मावशी, झाकणात चुंबक असतं, तसंच तुमच्या कड्यात आहे. त्याला वाटतंय झाकण मिटलं! तुमचा हात आला की त्याला वाटतं, झालं काम, झोपा आता."

लॅपटॉप पुन्हा जोडला. जनाने बांगड्या वर सारून कडं काढलं, पाटापासून लांब ठेवलं, आणि डावा हात काठावर टेकून लिहायला बसली. भारंगी. टाकळा. कुर्डू. पडदा जागा. रियाने टाळ्या पिटल्या. पोशा मात्र जरा हिरमुसला. "म्हंजी मान्सं वळखत नाय."

"नाही वळखत," तेजश्री म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मावशी, मी तुम्हाला म्हणाले होते की तुमचं बोट चुकतंय. तुम्ही बटणाला शिवतसुद्धा नव्हता. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

जनाने तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. कारण ती म्हणाली, "ताई, ते झाकनाचं परत सांग. चुंबक वर हाय, आन् खाली काय हाय?"

तेजश्रीने सांगितलं. जनाने कडं उचललं आणि कामाला लागली. कडं उजव्या काठावर ठेवलं, काही नाही. मधे ठेवलं, काही नाही. डावीकडे बोटबोटभर सरकवत आणलं आणि पडदा गेला तिथे खडूने टिंब काढलं. मग डाव्या काठाकडून, वरून आणि खालून आणलं, दर वेळी पुन्हा टिंब. मग कडं उलटं करून पाहिलं. एका बाजूने झोपायचं, दुसऱ्या बाजूने नाही. ते तेजश्रीलाही माहीत नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने दोनदा करून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून बसली.

"असं का व्हतंय?" जनाने विचारलं.

"चुंबकाला दोन बाजू असतात. त्याला एकच कळत असेल," तेजश्री म्हणाली. "पण मला नक्की ठाऊक नाही, मावशी. बघून सांगावं लागेल."

"बगून सांग," जना म्हणाली. आणि चारही टिंबांच्या मधोमध बोट टेकून म्हणाली, "ह्ये बग, ह्यो त्याचा डोळा."

तेजश्रीने सेन्सर तीन दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने काढून पुसला होता. तो नेमका त्या बोटाखाली होता, गव्हाच्या दाण्याइतकाही इकडेतिकडे नाही.

मग चहा झाला. चहाबरोबर तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी झाली. पोशाने कडं घेऊन घरातल्या एकेका वस्तूला लावून पाहिलं. कोयता चिकटला, पितळेचा तांब्या नाही, विळा चिकटला, देवाच्या टाकांना लावायला गेला तेव्हा जना ओरडली. "रं, देवाला नको!" रियाने लिहिलेली जुनी पानं उघडून जनाने तेजश्रीला दाखवली आणि त्यांच्या खाली स्वतःची.

रियाने लिहिलं होतं, 'शेवळा ही पावसाळ्याच्या आरंभी उगवणारी पौष्टिक रानभाजी आहे.'

जनाने लिहिलं होतं, 'शेवळा लवकर येतो लवकर जातो. त्याच्या संगं काकडा घालायचा, रानातलं आंबट फळ. नाय घातला तर घसा खाजतो मंग बोलू नका मी सांगलं नाय. माझ्या सासूनं पयल्या वर्षी मला सांगलं नाय. मुद्दाम.'

तेजश्रीने ते दोनदा वाचलं. "पुढे?"

"म्होरं पडदा गेला," जना म्हणाली.

"मग सासूचं राहिलंच की."

"सासूचं लय हाय. एका भाजीत मावत नाय. भारंगीत बी हाय, दिंड्यात बी हाय." आणि ती पाटासमोर सरकून बसली.

ऊन खिडकीतून आत सरकलं होतं. तेजश्रीने डबा बंद केला, बॅग आवरली, सगळ्यांना सांगून झालं, तरी पाय निघेना. ती जनाच्या मागे उभी राहून पडद्यावर अक्षरं उमटताना बघत राहिली. एक अक्षर, मग थांबणं, मग बोट हवेत फिरून नेमकी कळ शोधणं, मग दुसरं. काना राहिला की जना जिभेने टक् असा आवाज करायची आणि मागे जाऊन घालायची. बोट त्या बटणाच्या आसपाससुद्धा जात नव्हतं.

"मावशी, इथे वेलांटी—"

"ठावं हाय मला," जना म्हणाली. "आता तू जा ताई. मागं कोन उबं आसलं की मला सुचत नाय."